शेडकार्डावरचे दोन हिरवे आणि रात्री आठ वाजताचा हॉल

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर कळेल. नागपूरच्या बेसा भागात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. हॉल १० बाय १६ फूट, पश्चिमेला बाल्कनी, आणि बाल्कनीला एप्रिलमध्ये बांधलेली हिरवी जाळी अजून तशीच आहे. फरशी आयव्हरी व्हिट्रिफाइड, सोफा सागवानी, भिंती सध्या पीच, उजेडाला दोन पांढऱ्या एलईडी ट्यूब. दिवाळीआधी रंग मारून घ्यायचा आहे. शेडकार्डावरून दोन हिरवे निवडले आहेत: एक राखाडीकडे झुकणारा, दुसरा पिस्त्याच्या गरासारखा, किंचित पिवळट. तुम्हाला पहिला आवडतो, मिस्टरांना दुसरा. आणि पेंटर म्हणतो, ‘‘दोन्ही सेमच हायेत मॅडम, काही फरक नाही पडत.’’

सोयीसाठी पहिल्याला राखी म्हणू आणि दुसऱ्याला पिस्ता.

मी २४ वर्षं नागपुरात रंगाचे ठेके घेतोय. सुरुवात मामाच्या हाताखाली भिंती घासण्यापासून केली. तुमचा पेंटर खोटं बोलत नाहीये. शेडकार्डावर, दुकानाच्या उजेडात, दोन बोटांएवढ्या चौकोनात हे दोन रंग जवळपास सारखेच दिसतात. पण तुमच्या हॉलची भिंत म्हणजे सुमारे ४०० चौरस फूट रंग. तेवढ्या जागेत हे दोघं सख्खे भाऊही वाटणार नाहीत.

तुम्ही विचारलंय की ‘यातला चांगला कोणता’. मी त्याऐवजी विचारेन की तुम्ही ती भिंत दिवसातून कधी बघता. तुम्हीच लिहिलंय की दोघंही नोकरीवर आहात आणि संध्याकाळी ७च्या पुढे घरी येता. म्हणजे आठवड्यातले सहा दिवस तुमचा हॉल सूर्याखाली नसतोच, ट्यूबखाली असतो. या एका गोष्टीवर माझं निम्मं उत्तर ठरतं. त्याकडे येतोच, पण आधी या दोन रंगांत नेमका फरक काय ते बघू.

रंगाच्या दुकानात जो डबा मशीनखाली ठेवतात, त्यात आधी पांढरा बेस असतो. मशीन त्यात मोजून स्टेनर, म्हणजे रंग देणारं घट्ट द्रव, सोडतं. फिका हिरवा करायचा तर हिरवा स्टेनर दोन्हीत पडतोच, आणि दोन जवळच्या शेडमध्ये त्याचं प्रमाणही फार वेगळं नसतं. फरक असतो बाकीच्यात. राखीमध्ये काळा पडलेला असतो आणि थोडा मातकट पिवळा. पिस्त्यात पिवळा जास्त, काळा जवळपास नाहीच. म्हणून दोन जवळच्या हिरव्यांची तुलना करताना हिरव्याकडे बघायचंच नाही, हिरव्याखेरीज काय आहे ते बघायचं. दुकानदाराला सांगितलं तर तो कॉम्प्युटरवर दोन्ही शेडचा फॉर्म्युला दाखवतो. स्टेनरचे कोड कंपनीगणिक वेगळे असतात, त्यामुळे कोणता कोड म्हणजे कोणता रंग हे मशीनवाल्या पोरालाच विचारा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि विचारणारे फार कमी असल्यामुळे तो आनंदाने सांगतो.

फॉर्म्युला नको असेल तर मामाची युक्ती. घरातून कढीपत्त्याची एक काडी घ्या आणि पांढऱ्या कागदावर दोन्ही पट्ट्यांच्या मधोमध ठेवा. खरा गडद हिरवा शेजारी आला की पट्ट्यांमधला हिरवा मागे पडतो आणि उरलेलं पुढे येतं. राखी एकदम राखेसारखा दिसू लागतो, पिस्ता पिवळा दिसू लागतो. मामा हे गिऱ्हाइकासमोर जादूगारासारखं करायचा. पुढे भाजीला लागणार म्हणून काडी परत द्यायला मात्र विसरायचा नाही.

आता हे ‘उरलेलं’ चार भिंतींवर गेलं की काय होतं? एका भिंतीवरून उजेड दुसरीवर पडतो, तिथून परत पहिलीवर, आणि प्रत्येक वेळी त्यात भिंतीचा रंग मिसळत जातो. त्यामुळे कुठलाही रंग खोलीत कार्डापेक्षा गडद आणि भडक दिसतो. पिवळट हिरव्याच्या बाबतीत हे जरा जास्तच जाणवतं. दहा-एक वर्षांपूर्वी धरमपेठेत एका निवृत्त शिक्षकांच्या घरी मी असाच पिस्ता मारला होता. खोली उत्तरेची आणि खिडकीबाहेर कडुनिंबाचं मोठं झाड. कार्डावर रंग इतका सौम्य की मीच आग्रह केला होता. दुसरा हात वाळला आणि खोली लिंबू सरबतासारखी झाली. झाडाच्या पानांतून गाळून येणारा उजेड आधीच हिरवा, त्यात चारी भिंती एकमेकींना पिवळं करणाऱ्या. सर शांतपणे म्हणाले, ‘‘इथे धडधाकट माणूस बसला तरी लोक कावीळ झाली का विचारतील.’’ चूक माझी होती. मजुरी घेतली नाही, परत रंगवून दिलं. तेव्हापासून पिवळट हिरवा चारी भिंतींना मारायचा असेल तर मी कार्डावर आवडलेल्यापेक्षा एक घर (कार्डावरची एक पायरी) फिका घ्यायला सांगतो.

यावरून ‘मग राखीच घ्या’ असं मी लगेच म्हणेन असं वाटेल. थांबा, राखीचीही एक गोष्ट आहे, आणि तिचा संबंध तुमच्या बाल्कनीशी आहे.

आपल्याकडे एप्रिल लागला की जाळ्यांचा हंगाम सुरू होतो. गच्ची, बाल्कनी, पार्किंग. सिग्नलवर थांबणाऱ्यांसाठीसुद्धा आपल्या शहरात हिरव्या जाळ्या ताणलेल्या तुम्ही बघितल्या असतील. ऊन अडतं, पण जे आत येतं ते हिरवं होऊन येतं. मनीषनगरात एका फ्लॅटमध्ये मे महिन्यात काम होतं. मालकीणबाईंनी भिंतीवर नमुना लावून, चार दिवस बघून, सगळं नीट करून तुमच्या राखीसारखाच रंग निवडला. मऊ, थंड, ओल्या शेवाळासारखा दिसत होता. पावसाळ्यात जाळी काढली आणि मला फोन आला, ‘‘दादा, रंग उडाला का हो?’’ जाऊन बघितलं. रंग जिथल्या तिथे होता. भिंतीतला जो हिरवा त्यांना आवडला होता तो बराचसा जाळीचा होता. जाळी गेली आणि खाली उरला तो सिमेंटकडे झुकणारा राखाडी.

म्हणून पहिली गोष्ट: नमुना बघण्याआधी जाळी काढा. ऑक्टोबरचं ऊन त्रासदायक असतं हे मान्य, पण चार दिवस सहन करा. आणि ती जाळी पुढेही बारा महिने ठेवणार असाल तर तसं ठरवून टाका आणि जाळी लावूनच बघा. अर्धवट काही करू नका.

पश्चिमेच्या उन्हाचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुमच्या वाट्याला रविवारीच येणार. जूनमध्ये आपल्याकडे सूर्य जवळजवळ ७ वाजता मावळतो, डिसेंबरात साडेपाचच्या आसपास. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे आणि खाली असतो, त्यामुळे तिरपं ऊन खोलीत लांबवर येतं. मावळतीच्या नारिंगी उजेडात राखी चांगला दिसतो, त्याचा थंडपणा निघून जातो आणि तो मातीकडे झुकतो. पिस्ता त्याच वेळी पिवळा होतो, काहींना तो सोनेरी वाटतो, काहींना वरणासारखा. हा आवडीचा भाग आहे, त्यात मी पडत नाही.

आता रात्रीचे ८. तुमच्या ट्यूब पांढऱ्या आहेत असं लिहिलंय, म्हणजे बहुतेक ६५०० केल्विनच्या असाव्यात. केल्विन म्हणजे उजेड पिवळा की निळसर हे सांगणारं माप, खोक्यावर किंवा ट्यूबच्या टोकाला त्याचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा उजेड, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. आपल्याकडे घरोघरी ६५००च असतो, कारण दुकानदार तोच हातात ठेवतो आणि ‘झक्क उजेड’ म्हणजे तोच अशी आपली समजूत झालीय. या निळसर उजेडात राखीमधला काळा पुढे येतो आणि भिंत विझल्यासारखी दिसते. पिस्त्याला तोच उजेड मानवतो, कारण निळसरपणा त्याच्या पिवळ्याला जरा आवरतो. ३०००च्या उजेडात उलटं होतं: राखी ऊबदार होतो, पिस्ता हाताबाहेर जातो.

तुमच्या मिस्टरांना पिस्ता का आवडला असेल याचा मला अंदाज आहे. त्यांनी कार्ड रात्री घरी बघितलं असेल आणि तुम्ही दुपारी दुकानात. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात. चुकत असेन तर सोडून द्या.

खोक्यावर आणखी एक आकडा असतो, सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचं शंभरपैकी माप. ८० बऱ्याच ठिकाणी मिळतो, ९० थोडा महाग. हिरव्या भिंतींच्या घरात मी ९०चाच आग्रह धरतो. कमी सीआरआयच्या दिव्यात लाल रंग मरतो, आणि त्यात भिंतीवरून हिरवा उजेड परतत असला की माणसांचे चेहरे ओढलेले दिसतात. दिवाळीत फोटो काढाल तेव्हा कळेल. फोटोवरून आठवलं, तुम्ही पाठवलेले दोन फोटो मी बघितले आणि बाजूला ठेवले. मोबाईल स्वतःच्या बुद्धीने पांढरा दुरुस्त करत असतो, त्यामुळे फोटोवरून दोन जवळच्या हिरव्यांत फरक सांगणं म्हणजे फोनवरून ताप मोजणं.

नमुना कसा बघायचा ते नीट सांगतो, कारण इथेच बहुतेकांची गडबड होते. पेंटर म्हणेल, भिंतीवरच दोन पट्टे मारतो. मारू देऊ नका. तुमची भिंत पीच आहे. पीचमध्ये लाल-नारिंगी असतो आणि तो शेजारच्या कुठल्याही हिरव्याला आहे त्यापेक्षा जास्त हिरवा दाखवतो. हे नवं ज्ञान नाही. फ्रान्समध्ये शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ गोबलँच्या सरकारी विणकामशाळेत रंगाईचे प्रमुख होते. काळ्या धाग्याचा रंग पुरेसा गडद येत नाही अशा तक्रारी त्यांच्याकडे यायच्या. तपासल्यावर धाग्यात दोष नव्हताच. शेजारी विणलेल्या रंगांमुळे तो फिका भासत होता. १८३९ साली त्यांनी याचा नियम मांडला. तेव्हापासून आजपर्यंत माझ्या धंद्यातल्या निम्म्या तक्रारी त्याच जातीच्या आहेत. ‘रंग चुकीचा दिलात’ म्हणून गिऱ्हाईक ओरडतं आणि दोष निघतो तो पडद्याचा.

तर २ बाय २ फुटांचे दोन पांढरे पुठ्ठे किंवा हार्डबोर्ड घ्या. हार्डबोर्ड तपकिरी असेल तर आधी पांढऱ्या प्रायमरचा हात द्या. दोन्ही रंगांचा मिळेल तो सगळ्यात लहान डबा आणा आणि एकाच फिनिशमध्ये आणा. एक मॅट आणि दुसरा चमकदार असला तर तुलना बाद. चमकदार रंग गडद वाटतो. प्रत्येकी दोन हात द्या, कडेने दोन बोटं पांढरी पट्टी सोडा. डब्यावर लिहिलंय त्याहून जास्त पाणी घालू नका. ओला इमल्शन (भिंतीचा पाण्यात कालवायचा रंग) फिका दिसतो, वाळल्यावर गडद होतो, म्हणून निर्णय दुसऱ्या दिवशी. मग बोर्ड भिंतीला टेकवून उभे ठेवा, जमिनीवर आडवे नाही. आडव्या बोर्डावर छताचा उजेड पडतो आणि तो नेहमी जास्त फिका दिसतो. बाल्कनीसमोरच्या भिंतीवर बघा, बाल्कनीच्या बाजूच्या अंधाऱ्या भिंतीवर बघा, सोफ्यामागे बघा, फरशीला टेकवून बघा. दोन्ही बोर्ड एकत्र फक्त एकदाच बघा. नंतर एका दिवशी एकच बाहेर ठेवा, दुसरा दिवाणाखाली. घरात शेवटी एकच रंग राहणार आहे, दोघांची जुगलबंदी नाही.

फरशीचं बघाच. आयव्हरी म्हणून विकली जाणारी फरशी कधी पिवळट असते, कधी गुलाबी झाक असलेली. पांढरा कागद फरशीवर ठेवला की कळतं. गुलाबी झाक असेल तर राखी तिच्यावर खुलतो, त्याचा हिरवा जिवंत होतो. पिवळट असेल तर पिस्त्याशी तिचं सूत जमतं, पण मग सगळी खोली एकाच पिवळ्यात बुडायचा धोका असतो. सागवानी सोफा दोघांनाही चालतो, त्याची काळजी नको.

एवढं सगळं सांगून मी स्वतः काय करेन? तुमच्या जागी मी आधी ट्यूब बदलेन, ४००० केल्विनच्या, सीआरआय ९०च्या मिळाल्या तर उत्तम. दोन ट्यूबचा खर्च रंगाच्या बादलीपुढे काहीच नाही. मग राखी चारी भिंतींना, छत स्वच्छ पांढरं. संध्याकाळी ७नंतर बसायच्या हॉलला मी हाच मार्ग बरा मानतो, कारण राखी वर्षभर थोडा थोडा बदलत राहिला तरी बिघडत नाही. ट्यूब बदलायच्या नसतील, किंवा घरात वडीलधाऱ्यांना वाचायला ६५००च हवा असेल, तर मिस्टरांचं ऐका, पण पिस्ता अर्धा करून घ्या. दुकानदाराला ‘याच शेडचा निम्मा फॉर्म्युला’ सांगितलं की तो त्याच बेसमध्ये स्टेनर निम्मे टाकतो. रंग हुबेहूब त्याच घराण्यातला येईलच असं नाही, म्हणून त्याचाही बोर्ड करून बघा. आणि जाळी कायम राहणार असेल तर राखीच, कारण पिस्ता अधिक हिरवा उजेड हे गणित मी धरमपेठेत त्या कडुनिंबाखाली सोडवून बसलोय.

एक भिंत राखी आणि तीन पिस्ता असा मधला मार्ग घरात कुणीतरी सुचवेल. नाही म्हणा. इतके जवळचे दोन हिरवे शेजारी आले की बघणाऱ्याला वाटतं, रंग कमी पडला म्हणून दुसरा डबा आणला.

खरेदीचं. तुमच्या हॉलचा घेर ५२ फूट. उंची १० धरली तर ५२० चौरस फूट. दारं, बाल्कनीचं दार, खिडकी वजा जाता ४००-४२० उरतात. नीट पुट्टी-प्रायमर झालेल्या भिंतीवर चांगला इमल्शन दोन हातांत लिटरमागे १२० ते १४० चौरस फूट जातो. म्हणजे साडेतीन लिटर लागेल. ४ लिटरचा एकच डबा घ्या, एक-एक लिटरचे चार नाही. प्रत्येक डब्यात स्टेनर वेगळा मोजला जातो आणि अशा फिक्या राखाडी-हिरव्यात एखाद्या थेंबाचा फरकही भिंतीच्या मधोमध दिसतो. वेगवेगळे डबे घ्यावेच लागले तर सगळे एका बादलीत ओतून ढवळून मग सुरू करा. प्रायमरला सुट्टी देऊ नका. पीचवर थेट राखी मारला तर खालचा पीच डोकावतो आणि राखी मळकट होतो.

पेंटर कदाचित म्हणेल, ‘‘हाच शेड दुसऱ्या कंपनीत स्वस्तात बनवून देतो, मशीनवर मॅच होते.’’ होतो मॅच, दुकानात. दोन कंपन्यांचे स्टेनर वेगळे, त्यामुळे दुकानाच्या ट्यूबखाली जुळलेले दोन रंग तुमच्या बाल्कनीच्या उजेडात वेगळे दिसतात. काळा-हिरवा-पिवळा अशा मिश्रणात हे जास्त होतं. स्वस्तातला घ्यायचा तर जरूर घ्या, पण त्या कंपनीच्या स्वतःच्या कार्डावरून निवडा आणि बोर्ड त्याचाच करा.

कूलर कुठल्या खिडकीत बसतो ते तुम्ही लिहिलं नाही. हॉलमध्येच असेल तर त्याच्या खालची आणि बाजूची भिंत उन्हाळाभर ओलसर राहते, आणि बोअरचं पाणी असेल तर पांढरे क्षार उमटतात.  तिथली पुट्टी फुगलेली असेल तर ती खरवडून, वाळवून मगच नवीन भरायला सांगा, नाहीतर मे महिन्यात दोन्ही रंगांची साल सारखीच निघेल आणि तेव्हा तुमचा पेंटर खरा ठरेल.

शेवटचं: काम संपल्यावर उरलेला अर्धा लिटर लहान बरणीत गच्च भरा. झाकणावर शेडचा कोड, बेसचं नाव, तारीख आणि ‘हॉल’ असं लिहा आणि डब्यावरचं स्टिकर मोबाईलमध्ये काढून ठेवा. बोर्ड केलेत की ट्यूबच्या खोक्यावरचा आकडा, फरशीची झाक आणि कूलरची खिडकी एवढं मला कळवा. राखी किती घरं फिका किंवा गडद घ्यायचा ते मग जास्त नेमकं सांगता येईल.